काळी चार

माझी मावशी जॅझ गायची. पाहुण्यांसमोर हे बोलायची आमच्या घरात चोरी होती. कुणी विचारलंच तर आई "हॉटेलात असते" एवढंच सांगायची, आणि समोरचा समजायचा की मावशी तिथल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते.

मावशी जेवणाच्या हॉलमध्ये गायची. कोपऱ्यात वीतभर उंचीचा मंच, त्यावर पियानो, ड्रम, ट्रम्पेट, माणसाएवढा बास आणि पुढे काळ्या पोशाखातली मावशी. समोर लोक सूप भुरकत असायचे. "आपलं भांडण काट्याचमच्यांशी," ती म्हणायची. पण ठरलेली चाल सोडून ती मनाला येईल तशी सुरांत भटकायला लागली, की खाणाऱ्यांचे हात थांबायचे. मी ते स्वतः पाहिलंय. तेवढ्यासाठी तिने ठरत आलेलं लग्न मोडलं होतं आणि बहिणीशी, म्हणजे माझ्या आईशी, कायमचं वाकडं घेतलं होतं.

तिला गर्व होता आणि तो झाकायची तिला कधी गरज वाटली नाही. "पहिल्या दिवशी काळी चारच्या पट्टीत गायले, आजही काळी चारच!" हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. वय झालं, गळा वर जाईना, म्हणून एखादी गायिका खालच्या पट्टीत गायला लागली की मावशीने नाक मुरडलंच. एका जुन्या मैत्रिणीला तर ती तोंडावर म्हणाली, "इतकं खाली यायचं तर घरी बसावं गं." ती मैत्रीण पुन्हा कधी बोलली नाही. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं, आणि आम्ही घरचे त्यातून सुटलो होतो असं नाही.

पियानोवर मास्तर असायचे. पोक काढलेले, बारीक, बोलायचं म्हटलं की जिवावर येणारे. ते सुरुवातीचे सूर द्यायचे, मावशी ते कानात घेऊन गाणं धरायची. केस पांढरे झाले तरी दोघांची रीत तीच आणि हाक मारणंही तेच, "मास्तर" आणि "बाई".

एका सकाळी मास्तर दात घासता घासता कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉटेलने लगेच दुसरा पियानोवाला आणला, चांगला शिकलेला आणि नम्र. पहिल्या तालमीला मी मावशीबरोबर गेले होते. टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकून फरशी पुसणं चाललं होतं.

"पट्टी कुठली, बाई?"

"काळी चार. विचारायचं काय त्यात?"

त्याने काळी चार दिली. मावशीने गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. खाकरून पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. "पियानो चढलाय," ती तडकून म्हणाली. नव्या माणसाने पिशवीतून नादकाटा काढून वाजवून दाखवला. पियानो जागच्या जागी होता. तिसऱ्यांदा तर तिला वरचा सूर लागलाच नाही. ती मागे वळली. सगळे वाद्यवाले आपापल्या वाद्यांकडे बघत होते.

शेवटी बास वाजवणाऱ्या लंबूने तोंड उघडलं. "बाई, रागावू नका. मास्तर पट्टी खाली आणत होते. दोन-तीन वर्षं गेली की अर्धा सूर. आता आपण काळी दोनमध्ये असतो."

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?"

"आम्हालाही तिथंच वाजवायला लागायचं ना. शपथ घातली होती त्यांनी."

"मग काळी दोन देऊ?" नवा माणूस म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण मदतच करतोय. मावशीने पर्स उचलली आणि ती चालायला लागली. त्या हॉटेलात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

तिच्या घरी नुसता आगडोंब उसळला होता. "माझी कीव केली त्या माणसाने! आणि मी मूर्ख, मिरवत फिरले!" मला तिची दया यायची आणि रागही यायचा. चार बायकांना टोचून बोलताना हिला कधी काही वाटलं नव्हतं.

महिन्याभराने मास्तरांच्या बायकोचा फोन आला. "तुमचं नाव काढलं की रडतात. एकदा येऊन जा." मावशी निघाली ती जाब विचारायलाच. मी सोबत गेले.

खोलीत औषधांचा आणि रबरी चादरीचा वास होता. तिला बघून मास्तरांचं वाकडं झालेलं तोंड हललं.

"का केलंत असं?" मावशीने दारातूनच विचारलं.

उत्तर बायकोने दिलं. "पट्टी बदलली की पियानोवरची बोटं सगळी नव्याने बसवायला लागतात. महिना महिना घरी तेच करत बसायचे. मी म्हणायची, सांगून टाका एकदाचं. तर म्हणायचे, कळलं तर ती गाणं सोडेल."

मावशी आत येऊन स्टुलावर बसली. गाणं तर तिने सोडलंच होतं.

मास्तरांचा डावा हात चादरीवर हलला. बोटं पसरली आणि दाबली गेली. ते सुरुवातीचे सूर देत होते, पण चादरीतून आवाज कुठून येणार? मावशी उठून जवळ गेली आणि अंदाजाने तिने गाणं धरलं. फार वर लागलं, आवाज फाटला. मास्तरांनी मान हलवली आणि हात थोडा डावीकडे, खालच्या सुरांकडे नेला. ती खाली आली. महिनाभर बंद असलेला गळा तिथेही थरथरला. हात आणखी डावीकडे सरकला, ती आणखी खाली आली. हात पुन्हा सरकला आणि तिथे पलंग संपला. हात काठावरून खाली लोंबकळायला लागला. मास्तर तो वर घ्यायला धडपडत होते आणि डोळ्यांनी तिला थांबा, थांबा म्हणत होते.

मावशीने तो हात उचलून चादरीवर ठेवला आणि पुन्हा हलू नये म्हणून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरला.

"पुरे, मास्तर," ती म्हणाली. "आता पुरे."