दोन जादा वाक्यं

बोलण्याआधी ते उजव्या हाताचा तळवा छातीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "मी नाही, तो म्हणतोय." साक्षी अरबीत सांगणारे दुभाषे आखातातल्या कोर्टांत पुष्कळ. दुबईपलीकडच्या फुजैरा अमिरातीच्या फेडरल कोर्टात मराठी माणसासाठी मात्र वर्षानुवर्षं हेच एक होते. मूळचे गुहागरकडचे.

मी बंदरातल्या शिपिंग ऑफिसात. कागद घेऊन कोर्टात जायचो. वाट बघताना ते सांगायचे, "पूर्वी तंटे शेखांच्या मजलिशीत, त्यांच्या घरच्या बैठकीत मिटायचे. मग अमिराती एक झाल्या, हे कोर्ट आलं. वर अपील आहे, त्याच्याही वर अबू धाबी. पण वरचे बहुतेक कागदच वाचतात हो. माणसाला ऐकतात ते इथं."

एका सकाळी दापोलीकडच्या वेल्डरची साक्ष होती. त्याचा कामावरचा तरणा जोडीदार जेटीच्या शिडीवरून पडून बुडाला होता. शिडी धड होती, तोच घसरला, असं कंत्राटदाराचं म्हणणं. वेल्डर म्हणाला, "ओरडणं ऐकून मी धावलो. तोवर तो पाण्यात होता." आणि गप्प झाला.

दुभाषे थांबले नाहीत. माझी अरबी बंदरापुरती, तरी मला कळलं. "खालून तिसरी पायरी निखळली होती. मी आदल्या दिवशीच फोरमनला सांगितलं होतं." त्यांच्या तोंडून निघालेला आवाज मात्र कुणा तरण्या माणसाचा होता.

मी मागच्या बाकावर होतो. वेल्डर माझ्याकडे वळला. "भाऊ, मी तर दोनच वाक्यं बोललो ना? हे इतकं काय सांगतायत?"

दुभाषे मध्येच थांबले. चेहरा उतरला होता. गप्प बसते तर खपून गेलं असतं. पण त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं, "शेवटची दोन वाक्यं साक्षीदाराची नाहीत. कुणाची, मला ठाऊक नाही. काढून टाका."

ती काढली गेली. मात्र न्यायाधीशांनी शिडी तपासायला माणूस धाडला. खालून तिसरी पायरी नव्यानं जोडलेली निघाली. फोरमन कबूल झाला. निकाल बुडालेल्याच्या घरच्यांच्या बाजूनं लागला.

मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्यामुळे झालं."

"अरे, इतक्या वर्षांत अशी किती वाक्यं माझ्या तोंडून गेली असतील? त्यावर कुणाकुणाला शिक्षा झाली असेल?"

त्यांनी काम सोडलं. गावी परत निघाले तेव्हा दुबईच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. गाडीत आम्ही दोघंच. डोंगरांमधून जाताना ते मागच्या रिकाम्या सीटकडे वळले आणि हळूच म्हणाले, "सांग तू. पण आता लिहून घेणारं कुणी नाही, बाबा."