नाव घ्या, सिंधूबाई

"मॅडम, हे शून्य मला पटत नाही," म्हणत रमिलाने टेस्टचा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मी तेव्हा धुळ्याच्या एका हॉस्पिटलात मानसोपचार विभाग सांभाळत होते. नव्वदीच्या दशकाचा मध्य. एचआयव्ही म्हटलं की वॉर्डबॉयसुद्धा खाटेपासून हातभर लांब उभा राहायचा. त्यात वरून एक स्कीम आली. आदिवासी डॉक्टरांना रिसर्च शिकवा, विषय एचआयव्हीचा मेंदूवर आणि मनावर होणारा परिणाम. आमच्या वाट्याला एकच उमेदवार आली, डॉ. रमिला वळवी, नवापूरकडची. विभागातले लोक तिला 'स्कीमवाली' म्हणायचे. मी चांगलं झापलं, तेव्हापासून माझ्या पाठीमागे म्हणायला लागले.

कागद सिंधूबाईचा होता. एरंडोलजवळच्या खेड्यातली, शेतकरी घरातली. नवरा ट्रक चालवायचा, तो याच आजाराने गेला होता. आता तिलाही लागण होती. तव्यावर भाकर करपत असायची आणि ती नुसती बघत बसायची.

असं दोन कारणांनी होतं. एक डिप्रेशन, म्हणजे मन खचणं. त्यावर तेव्हाही गोळ्या होत्या. दुसरं डिमेन्शिया, म्हणजे विषाणूमुळे मेंदूच निकामी होत जाणं. त्यावर आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळावा म्हणून टेस्ट घ्यायची. वार विचारायचा, शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, घरच्यांची नावं विचारायची.

तिच्या थोरल्या दिराला गाव आबा म्हणायचं. त्यांनी ॲडमिट करतानाच अहिराणीत सांगून टाकलं होतं, "दुःखमुळे व्हई त ठेवसूत. डोकं गयं व्हई त माहेरले धाडसूत. पोर आमनी शे, ती आठेच ऱ्हाई."

पोर म्हणजे गुड्डी, सिंधूबाईची लहान मुलगी. आईला माहेरी धाडलं तरी ती सासरीच राहणार होती. आमच्या टेस्टवर काय अवलंबून होतं ते यावरून समजा.

रमिलाचं म्हणणं रास्त होतं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर सिंधूबाई मान खाली घालून गप्प बसली होती, म्हणून शून्य. पण आपल्याकडे कुठली बाई नवऱ्याचं नाव अशी सरळ घेते? विसरली की लाजली, हे कागदाला काय कळणार?

"उखाण्यात घेईल," रमिला म्हणाली. "होस्टेलवर मैत्रिणी लग्नाआधीच पाठ करायच्या. तिला घरी पाठवलंच आहे. तिथे जाऊन विचारू. तिच्या ओट्यावर, तिच्या बोलीत."

आम्ही जीपने गेलो. आबांनी रमिलाला आडनाव विचारलं. तिने सांगितलं. मला पाणी स्टीलच्या पेल्यात आलं. पडवीच्या कोनाड्यात जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, दोन पेले होते. एक सिंधूबाईचा, दुसरा शेतावरच्या मजुरांचा. रमिलाला त्या दुसऱ्यात पाणी आलं. माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात रमिलाने डोळ्यांनीच दटावलं आणि घटाघट पाणी पिऊन टाकलं. तिला टेस्ट घ्यायची होती.

घरच्यांना बाहेर थांबा म्हटलं, तर सगळे दारात येऊन उभे राहिले. खेड्यात 'बाहेर' म्हणजे एवढंच.

"ही कोण?" रमिलाने पोरीकडे बोट केलं.

"मनी गुड्डी," सिंधूबाई लगेच म्हणाली.

"आता नाव घ्या, सिंधूबाई. उखाण्यात."

सासू दारातून कडाडली, "विधवा बाईले नाव घेवाले लावतस? काही लाज शे का?"

बरोबरच होतं तिचं. विधवेला कोणी नाव घ्यायला सांगत नाही. पण सिंधूबाई हसली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. पदर सारखा करून तिने सुरू केलं.

"कळणानी भाकर, वरतून लोणीना हात, मना जनमना जोडीदार..."

आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच थांबली. ती जिभेने ओठ ओले करत राहिली. शेवटी सासूलाच राहवलं नाही. रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "रघुनाथ, माय. रघुनाथ."

सिंधूबाईने तिच्याकडे वळून पाहिलं.

"कोन शे तो?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगायची गरजच उरली नव्हती. लाजेचं म्हणून आम्ही ज्या शून्याशी भांडत होतो, ते विसरण्याचंच निघालं.

"वेळ द्या, औषध चालू करून बघू," मी म्हटलं, त्यावर औषध नाही हे माहीत असून.

"काय बघतस आते, डॉक्टरबाई?" आबा म्हणाले. ते काही दुष्ट माणूस नव्हते. भाऊ गेला होता आणि गाव विहिरीवर नावं ठेवत होतं. पण त्यांचं ठरलं होतं.

परतीच्या वाटेवर रमिला म्हणाली, "आपण गेलो नसतो, तर ती घरी राहिली असती?"

"काही दिवस," मी म्हटलं. फार वाईट वाटलं. रमिलाचंही आणि सिंधूबाईचंही.

आठवड्याच्या आत सिंधूबाईला माहेरी धाडलं. माहेरच्यांनी तिला आमच्या वॉर्डात आणून सोडलं. पुन्हा कोणी आलं नाही. आबांना निरोप पाठवला, पोरीला एकदा तरी आणा. नाही आणलं.

रमिलाने ती केस स्कीमच्या कमिटीपुढे मांडली. पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "उखाणा? हे कुठल्या टेस्टमध्ये बसतं?" तो भाग त्यांनी काढायला लावला. ट्रेनिंग पूर्ण झालं, स्कीम गुंडाळली गेली. रमिलाला रिसर्चची जागा कोणी दिली नाही.

सिंधूबाई वारेपर्यंत तिची टेस्ट रमिलाच घेत होती. वार गेला, गाव गेलं, मग स्वतःचं नावही गेलं. एका प्रश्नाला मात्र प्रत्येक वेळी पूर्ण मार्क पडायचे. मुलीचं नाव काय? गुड्डी. उत्तर देऊन झालं की ती दाराकडे बघायची.

पुढे माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी टेस्टच्या आधी एक गोष्ट विचारायला लावायचे. निकालाची वाट घरी कोण बघतंय, आणि कशासाठी? ते कुठल्याच टेस्टमध्ये बसत नाही.