हिंगाचे पक्के बिल

स्वयंपाकाच्या बाईंवर मला पहिल्यांदा संशय आला तो हिंगाच्या डबीवरून. नवी डबी पंधरवड्यातच रिकामी झाली होती. अकरा वर्षे, या हिंदी मुलखातल्या कंपू नावाच्या मोहल्ल्यात, आमच्या घरी त्या दोन्ही वेळचा स्वयंपाक करीत आल्या आहेत आणि किराणाही त्याच आणतात. त्या अकरा वर्षांत मी एकाही डबीत डोकावलो नव्हतो. त्या दिवशी डोकावलो, आणि मग डोकावतच राहिलो. तेलाची पातळी, साबणाच्या वड्या, चहाचा डबा. संशयाला मोजमाप आवडते, आणि मोजणे हा तर माझा धंदाच.

मी कर सल्लागार आहे. बाहेरच्या खोलीत बसून व्यापारी, डॉक्टर, जमिनीचे व्यवहार करणारे यांची विवरणपत्रे भरतो. त्यांच्याबरोबर चहा घेताना एक वाक्य मी वर्षानुवर्षे म्हणत आलो: हा देश मूठभर लोकांच्या करावर चालतो, बाकीचे नुसते खातात. समोरचा माणूस स्वतःला त्या मुठीत धरून समाधानाने मान हलवायचा. तो चहा बाईंनीच आणून ठेवलेला असायचा.

“बाई, यापुढे सामानाचं पक्कं बिल आणत चला,” मी एका सकाळी म्हणालो. शक्य तितक्या मृदू आवाजात. माझा आवाज नेहमीच मृदू असतो. त्यामागे काय काय लपून गेले असेल, याची मला आता धास्ती वाटते.

“गल्लीतला पक्कं देत नाही दादा. चिठ्ठीवर लिहून देतो.”

“मग जिथं देतात तिथून आणा.”

“त्यासाठी नया बाजारात जावं लागेल.”

“जा की.”

पुढच्या महिन्यात किराण्याचा खर्च वाढला. माझ्या हिशोबाने तो उतरायला हवा होता. तो वाढला, याचा अर्थ मी असा काढला की बाईंनी तिथल्या दुकानदाराशीही संधान बांधले आहे. छापील बिलावरचे आकडे मी एकेक करून तपासले. चूक सापडली नाही, तेव्हा संशय आणखी पक्का झाला. बिनचूक हिशोब मांडणारी माणसे मला व्यवसायात पुष्कळ भेटली आहेत.

“आता घरातसुद्धा धाड घालायची आहे का?” पत्नी म्हणाली.

“धाड मी घालत नाही. लोकांना धाडीतून सोडवतो.”

“तेच म्हणतेय मी.”

तरीही मी तिला सांगितले की पहिल्या तारखेपासून दुसरी बाई पाहा. कारण बाईंना कळू देऊ नको, असेही सांगितले. माझ्या सभ्यतेची मजल एवढीच.

महिना संपायला आठवडा उरला असताना आमच्या बिलाला चुकून दुसरे एक बिल टाचून आले. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, चहाची पुडी, बिस्किटे, तेलाची पिशवी, टूथपेस्ट. सगळे लहान आकाराचे. खाली दोन ओळींत कर वेगळा दाखवलेला, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा.

“हे कुणाचं?”

बाईंचा चेहरा उतरला. “माझं आहे. पैसे माझेच दिलेत दादा, वेगळे. दुकानात विचारून घ्या.”

“तुम्ही स्वतःचं सामानही तिथूनच घेता?”

“दोन-दोन दुकानं कुठं फिरू? पहिले गल्लीतच घेत होते. तो छापील भावात दोन-चार रुपये सोडायचा. हे सोडत नाहीत.”

“आणि आपल्या घरचा खर्च वाढला तो?”

“त्याच्यामुळंच तर. वरून ऑटोचं भाडं.” मग म्हणाल्या, “दादा, एक विचारू? ताईंच्या लग्नाच्या पाटल्या आणल्या, तेव्हा पक्कं बिल घेतलं होतं का?”

तो टोमणा नव्हता. पक्के बिल घेणे ही घराची रीतच आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. मुलीच्या लग्नासाठी पाटल्या आणल्या त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पत्नीला आनंदाने सांगितले होते की बिल घेतले नाही, कर वाचला. बाई तेव्हा कणीक मळत होत्या.

मी ते बिल घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो.

दुपारी ते चुकून आलेले बिल मी एका पक्षकाराच्या कागदांशेजारी ठेवून पाहिले. या गृहस्थांच्या मिळकतीतला फार थोडा भाग किराण्यात जातो. उरलेल्याची जमीन होते, ठेवी होतात, सोने होते. ते आयकर भरतात, बराच भरतात. काही टाळतात, ते माझ्या साहाय्याने. बाईंचा पगार मात्र पहिल्या पंधरवड्यातच जवळजवळ सगळा दुकानांत जातो, आणि साबण असो की मोबाइलचे रिचार्ज, पैसे द्यायच्या क्षणीच त्यातून कर कापून घेतला जातो. टाळायचा कसा, हे सांगायला त्यांच्याजवळ कोणी बसलेले नसते. सोन्यावर शेकड्याला तीन, रिचार्जवर शेकड्याला अठरा. हे दर मला पाठ होते. ते कधी एकाच कागदावर मांडले नव्हते. दोघांत ओझे कोणावर जास्त, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण ‘बाकीचे नुसते खातात’ हे वाक्य खोटे होते, आणि ते खोटे असल्याचे कळण्याइतके ज्ञान माझ्यापाशी पहिल्यापासून होते.

दुसऱ्या दिवशी मी सराफ्यात गेलो. पाटल्या देणारा सराफ माझा जुना पक्षकार. मी त्याला म्हटले, पाटल्यांचे पक्के बिल करून दे, कर भरतो.

त्याचे हसू विरले. त्याने गल्ला बंद केला आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिले.

“भाईसाहब, अकेले आए हैं न?”

“हाँ.”

“कोई नोटिस-वोटिस?”

“नहीं. बस, मन में आया.”

“मन में,” तो म्हणाला. “इतने साल तो नहीं आया.”

मग त्याने माझा मोबाइल उचलला, पडदा पाहिला आणि तो गादीवर पालथा ठेवला. त्या दिवशी चहा आला नाही. “पुरानी बात है, अब काहे का बिल,” एवढे बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याची नजर माझ्या पाठीवर होती. डबे उघडताना माझी नजर कशी असेल, ते मला तिथे कळले. पुढच्याच आठवड्यात त्याने आपले कागद दुसऱ्या सल्लागाराकडे नेले.

त्या दिवशी सराफ्यातून घरी आलो तेव्हा बाई पोळ्या करीत होत्या. मी दारातच उभा राहिलो.

“बाई, मी तुमच्यावर संशय घेतला होता.”

“माहीत आहे.”

“दुसरी बाई पाहायला सांगितलं होतं.”

“तेही माहीत आहे. वहिनींनी माझ्या जावेलाच विचारलं.”

“तुम्ही कुठं जायचं नाही. आणि उद्यापासून गल्लीतूनच आणा. बिल नको.”

त्यांनी पोळी उलटली. “राहू द्या बिल. चार पैसे जास्त जातात तुमचे, पण बिल असलं की तुम्ही डबे उघडत नाही. मला स्वयंपाक करता येतो.” मग वर न पाहता म्हणाल्या, “मिळालं का पाटल्यांचं?”

“नाही.”

त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली. मी जायला वळलो, तेव्हा मागून म्हणाल्या, “हिंग वहिनींनी लोणच्याला काढून घेतला होता, दादा.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही बिल मागितलं.”