आक्काचा नेम

आमच्या वाचनाच्या बैठकीतल्या खाण्याला दोनच अटी होत्या: पहिली, एका हातानं खाता आलं पाहिजे. वाचणारीला दुसरा हात पुस्तकाला लागायचा. दुसरी, ज्या घरी बसायचं, त्या घरच्या बाईनं आम्ही आल्यावर गॅस पेटवायचा नाही. ती आत पुऱ्या तळत उभी आणि आम्ही बाहेर गोष्टी ऐकतोय, हे मला पटण्यासारखं नव्हतं. अटी मी घातलेल्या आणि त्या मोडणाऱ्यांशी मी भांडलेही आहे. तसं माझं जमत नाही कुणाशीच पटकन. बोलायचं ते तोंडावर बोलून टाकते आणि मग आठ दिवस मनात ठेवत नाही.

आम्ही चौघी. सगळ्या टिळकवाडीतल्या, चालत जाण्याच्या अंतरावरच्या, सगळ्यांची मुलं पुण्या-बेंगळुरूकडं गेलेली. एक मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक बँकेत नोकरी केलेली, मी आणि आक्का. आक्का माझी सख्खी बहीण नव्हे. वयानं थोरली म्हणून सगळ्यांचीच आक्का. माहेर निपाणीचं, जैन घर, तंबाखूची शेती आणि पेठेत दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. फ्लॅटमध्ये एकटीच असते.

महिन्यातली एक दुपार आमची. चुरमुऱ्याचा चिवडा, दडपे पोहे, शेंगाचटणी पसरून गुंडाळलेल्या पोळ्यांचे तुकडे, कुणाचं काही चांगलं झालेलं असलं तर खव्याचा कुंदा. आक्का दिवस मावळल्यावर खात नाही, म्हणून बैठक दिवसाउजेडी. कांदा, बटाटा, लसूण तिला चालत नाही, म्हणून मग कुणालाच नाही. बँकेतलीनं सुरुवातीला "कांद्याबिगर कसला गं चिवडा" म्हणून कुरकुर केली. पुढं तिलाही तसलाच आवडायला लागला.

वाचायची मात्र आक्का. मराठी पुस्तक असलं तर सरळ वाचायची. पण खरी मजा कन्नड पुस्तकाची. मांडीवर कन्नड पान उघडलेलं आणि तोंडातून थेट मराठी, तेही आमचं, घरातलं. मध्ये अडखळणं नाही की शब्द शोधणं नाही. आमच्या बाई सीमाभागातल्या मोर्चांत पायाला फोड येईपर्यंत चाललेल्या. "त्या भाषेतलं मला ऐकवू नका," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आक्कानं काही वाद घातला नाही, वाचायला लागली. कादंबरीत एक म्हातारी लेकाच्या घरातून निघून एसटी स्टँडवर बसून राहते, तिथं आक्का थांबली. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "मग? घेऊन गेला का न्हाय कुणी तिला?"

गेल्या पावसाळ्यात चातुर्मास लागला आणि आक्कानं चिवड्याची बशी हातानं मागं सारली. "चुरमुरं सोडल्यात," म्हणाली. बास, एवढंच.

आमच्या भागात कुणी काही सोडलंय म्हटलं, की का म्हणून विचारत नाहीत. नेमाचं कारण विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरणं. जांबोटीकडच्या माझ्या माहेरी एका चुलत्यानं गूळ सोडला होता. कशासाठी, ते तो गेला तरी आम्हाला कळलं नाही आणि त्याच्या बायकोनंही कधी विचारलं नाही. ती आपली त्याच्यापुरता चहा साखरेचा करायची. आक्काचे नेम तर आम्हाला सवयीचेच. दरवर्षी चार महिने ती कायतरी सोडायचीच, कधी पालेभाज्या, कधी दही. त्यामुळं पुढच्या वेळी मी चिवडा केलाच नाही, उप्पीट केलं. माझं मलाच बरं वाटलं, की बघा, न सांगता ओळखलं.

उप्पीट तिनं खाल्लं, पण लई वेळ लावून. त्याच्या पुढच्या महिन्यात पोळी सोडली. मग तिखट आणि आंबट. मग आम्हाला त्याची चढाओढच लागली. आक्काला चालेल असं कोण काय करून आणतंय? बाईंनी रव्याची पातळ खीर आणली. बँकेतलीनं केळं दुधात कुस्करून गाळून आणलं. मी गावाकडच्या तांदळाची पेज केली, तूप घालून. आक्कानं वाटी तोंडाला लावली, डोळे मिटून एकेक घोट घेतला आणि म्हणाली, "लई ग्वाड झालंय गं." बाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "काय निग्रह आहे बघा हिचा." बँकेतलीनं त्या नादात चहा सोडला आणि चौथ्या दिवशी परत धरला. यावर आम्ही हसलो, आक्काही हसली, आवाज न करता.

ती वाळत चालली होती. ते आम्हाला दिसत होतं. नेमधर्म करणारं माणूस वाळलं, की आमच्यात तेज आलंय म्हणतात. आम्ही तिघींनी तेच म्हटलं. आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर माझ्या घरी बसलो होतो. आक्कानं पुस्तक पिशवीतून काढलं, खुणेचं पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "आता तू वाच," म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, नुसता वारा आला. तिचा आवाज महिनाभर बसलेलाच होता. थंडी, धूळ, रस्त्याची खोदाई, कारणं काय कमी होती? मी बाईंकडं बघितलं. बाईंनी हळूच ओठावर बोट ठेवलं. नंतर आत येऊन म्हणाल्या, "मौनाचाही नेम धरला असेल. विचारू नका हां तुम्ही, तुमचा काय भरवसा नाही." म्हणून नाही विचारलं. माझं कन्नड कचेरीतलं, उतारे आणि रेशनकार्डापुरतं. मी एकेक ओळ लावत बसले आणि गोष्ट पार मातीत गेली. आक्का भिंतीला टेकून ऐकत होती. एक हात गळ्यापाशी होता.

संक्रांतीनंतर तिच्या भाच्याच्या नव्या घराची पूजा होती निपाणीत. मला आग्रहाचं बोलावणं होतं, आम्ही दोघी मिळूनच गेलो. पूजा झाली, पंगत बसली. आक्का वाढण्यात गुंतल्यासारखी इकडून तिकडं करत राहिली. मी जेवून हात धुवायला मागल्या दारी गेले, तर तिची वहिनी माझ्या मागोमाग आली.

"एक विचारू का वो?" तिनं आवाज खाली केला. "आक्का तुमच्याकडं तरी जेवत्यात का? हितं आल्या की म्हणत्यात, मैत्रिणीकडं पोटभर खाऊन आलेय, आता एक घास जायचा न्हाय. दर खेपेला तेच."

"त्यांचा नेम आहे ना," मी म्हटलं. "चातुर्मासापासनं."

"कसला नेम?" वहिनीनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघतच राहिली. "चातुर्मास सरला की कवाच. आणि आमच्यात नेम घ्यायचा म्हंजे बस्तीत, देवाम्होरं घेत्यात, मुनिमहाराज असले तर त्यांच्याम्होरं. घरात समद्यास्नी म्हाईत असतंय, सैपाक तसा करायला लागतोय. काय सोडलंय म्हणत्यात?"

"चुरमुरे. मग पोळी. मग तिखट, आंबट."

"मीठ सोडत्यात, तूप सोडत्यात, साखर सोडत्यात," वहिनी म्हणाली. "चुरमुरं सोडल्यालं मी तर कधी ऐकलं न्हाय."

नळ चालूच होता. आधी टोचणारं गेलं होतं, मग कोरडं, मग झोंबणारं, आणि आता नुसतं पाणी उरलं होतं. हा नेम धर्माचा कुठला, घशाचा होता. इतके महिने आमच्यासमोर बसून आक्का एकेक घास हरत होती आणि आम्ही तिला पातळ खिरी करून घालत होतो. तिनं दोन्हीकडं दोन बाता मारल्या होत्या. इकडं सांगायची मैत्रिणीकडं खाल्लंय, तिकडं आम्हाला सांगायची सोडलंय. आम्ही कुणी एकमेकांना विचारणारच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकी तिला दिली. संकेश्वर येईपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत बसले. मी इतकी रागावले होते, की तोंड उघडलं असतं तर अख्ख्या बसनं ऐकलं असतं.

"उद्या सकाळी डॉक्टरकडं जायचं," मी शेवटी म्हटलं. "मी येते न्यायला. काय सोंग करू नकोस."

तिनं बाहेर बघत मान हलवली. विचारलंही नाही, की कुणी सांगितलं.

डॉक्टर पोरसवदाच होता. घशात दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, पुन्हा बोलावलं. दुसऱ्या वेळी फोटो समोर ठेवून तो कन्नडमध्ये आक्काला सांगू लागला, शांतपणे, थांबत थांबत. आक्का त्याच्याकडं बघत होती. त्याचं एक वाक्य झालं, की माझ्याकडं वळून तेच वाक्य मराठीत करत होती. तेवढं कन्नड मला येतं, हे ती विसरली असावी, नाहीतर सवय.

"गाठ मोठी हाय म्हणत्यात," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "जिथनं आवाज निघतोय तो भागच काढायला लागंल म्हणत्यात. बोलता यायचं न्हाय नंतर." मग डॉक्टर काहीतरी म्हणाला आणि तिनं तेही लावलं. "लवकर केलं तर मी जगीन म्हणत्यात."

एक शब्द चुकला नाही तिचा. मी टेबलाची कड धरून बसले होते.

ऑपरेशनची तारीख घेतली. बाईंना आणि बँकेतलीला मी सांगितलं, दोघी रडल्या. आणि तारखेच्या चार दिवस आधी आक्कानं दवाखान्यात फोन करून नको म्हणून कळवलं. मला ते तिच्याकडून नव्हे, दवाखान्यातूनच समजलं, कारण नंबर माझाही दिलेला होता. त्याच दुपारी माझ्याकडं बैठक ठेवली होती, ऑपरेशनच्या आधीची म्हणून. मी फोन करून भांडणार होते, पण म्हटलं, येऊ दे.

तिघी आल्या. खायला काय करावं ते मला सुचलं नव्हतं, तर दुकानातला कुंदा आणि पेज ठेवली होती. कुणीच हात लावला नाही. आक्कानं सगळ्यांना जवळ बसायला सांगितलं, कारण तिचं बोलणं आता हातभर अंतरावरूनही ऐकू येत नव्हतं.

"निपाणीला महाराज यायला लागल्यात," ती म्हणाली. "त्यांच्याम्होरं खरंच नेम घेणार हाय मी. आता अन्नपाणी सगळंच सोडायचं. कापाकापी नको, काय नको."

बाईंनी हात जोडले. खरंच जोडले, डोळे मिटून. बँकेतलीनं मान खाली घातली. घरात असं झालं, की कुणी मोठं माणूस पूजेला बसलंय आणि आपण पावलं न वाजवता चालतोय. माझेही हात जुळायला लागले होते. लहानपणापासूनची सवय, ती काय डोक्याला विचारून येते?

"थांब," मी म्हटलं. "तू ते करालीस ते कशासाठी करालीस?"

"अहो, असं विचारू नये," बाई माझा दंड धरून म्हणाल्या.

"विचारू नये म्हणूनच हितवर आलंय, बाई." मी हात सोडवून घेतला. "परवा फोनवर तुझी वहिनीच म्हणाली मला, ज्याला औषध हाय त्याला महाराज आधी औषध कर म्हणून सांगत्यात. तू त्यांना गाठीचं सांगणार हैस का? का त्यांच्याम्होरं पण आमच्यासारखंच?"

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आक्का, हा नेम हाय का भीती?"

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं आता आक्काही उठेल, चप्पल घालेल आणि पुन्हा माझ्या दारात येणार नाही. तसं झालं असतं तरी मी मागं हटले नसते.

आक्कानं मांडीवरचं पुस्तक मिटलं. त्या दिवशी तिनं ते का आणलं होतं कोण जाणे. मग माझ्याकडं बघून तिनं मान हलवली आणि ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"भीतीच हाय गं," ती म्हणाली. "डॉक्टरला सांग फोन करून, मी येणार हाय म्हणून." मग ती दम खायला थांबली. तिच्या श्वासाचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येत होता.

"पण हे तू पावसाळ्यात विचारायचंस की. तवा आवाज होता मला. भांडले तरी असते तुझ्याशी."