चोवीस क्यारटचा रस्ता

२०२१ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती.

शेटचं नाव काढलं की मला आधी त्याचं नाक आठवतं. जंगलातल्या रस्त्यावर तो मधेच सायकल थांबवायचा, एक पाय टेकायचा, डोळे मिटायचा आणि मान वर करून हवा हळूहळू आत ओढायचा. शेळी नवा पाला हुंगते ना, तसा. मग डोळे उघडून निकाल द्यायचा.

"बावीस क्यारट. मगाशी एखादी मोटरसायकल गेली आसंल हितनं."

आणि खरंच गेलेली असायची. आमच्या दूधवाल्याची.

तो विट्याकडचा. तिकडचे लोक मुलूखभर सोनं गाळायच्या धंद्यात. ह्यानं कानपुरात एका बोळातल्या खोलीत चाळीस वर्षं सोनं गाळलं. तेजाबाचा पिवळा धूर चाळीस वर्षं छातीत गेला. परत आला तेव्हा फुप्फुसं कामातनं गेलेली. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, आता गाडीचा धूरसुद्धा तुम्हाला इखासारखा, जपा. रोज हळूहळू सायकल चालवा, पण मोकळ्या हवेत. ह्या माणसानं सायकल घेतली आणि जिथं गाडी जात नाही असे रस्ते शोधत निघाला. असा तो माझ्या दारात आला.

"आवं आप्पा, गाडी येत न्हाई आसा रस्ता हाय का कुठं?"

"कशाला? जीव द्यायला?"

"न्हाई वं. श्वास घ्यायला."

असं उत्तर मी आधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याला ओसरीवर बसवलं.

आमचं गाव जावळीच्या रानात, धरणाच्या पाण्याला लागून. चौथीत होतो तेव्हा शाळा पाण्याखाली गेली, आणि मी पुन्हा कुठल्या शाळेत बसलो नाही. शाळेच्या पुढची गावंही गेली. तिकडं जाणारा बैलगाडीचा रस्ता तेवढा राहिला. अकरा मैल तो झाडीतनं, काठाकाठानं जातो आणि सरळ पाण्यात शिरतो. कुठंच पोचत नाही, म्हणून गावातली एखादी मोटरसायकल नाहीतर ट्रॅक्टर सोडला तर त्यावर कुणी गाडी घालत नव्हतं. मी पुढं रस्त्याच्या कामावर बिगारी झालो. तीस वर्षं डांबराचा धूर खाल्ला. हे ऐकल्यावर शेट म्हणाला, "मग आपुन दोघं एकाच भट्टीतलं की!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर थाप मारायची हिंमत गावात कुणाची नाही.

सायकलवाल्यांचा मला आधीपासनंच तिटकारा. अंगाला चिकटलेल्या चड्ड्या, डोक्यावर ते खवल्याचं टोपडं. शेटही तसाच आलेला. मी स्पष्ट सांगितलं, "शेट, ही चड्डी घालून माझ्या दारात यायचं न्हाई. घरात सून हाय." पुढच्या खेपेला तो वरून लुंगी गुंडाळून आला. लुंगी चेनमध्ये अडकली आणि माझ्या दारातच आडवा झाला. पडल्या पडल्या हसत होता, खोकत होता, परत हसत होता. म्हणाला, "आता तरी च्या मिळंल का?"

त्या दिवसापासनं मी माझी जुनी सायकल काढली. त्याच्या सायकलला गिअर सत्तावीस, माझ्या सायकलला एकही नाही, आणि चढाला तोच मागं. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

महिन्यातनं दोनदा तो यायचा. एसटीच्या टपावर सायकल टाकून. रस्त्याला तो सोन्यासारखा कस लावायचा. ट्रॅक्टर गेला की चार क्यारट कमी, मोटरसायकलला दोन. जांभळीच्या दाट झाडीतनं उतरून आपण पाण्याच्या कडेला येतो, तिथं मात्र तो बराच वेळ डोळे उघडायचा नाही. मग हळू म्हणायचा, "चोवीस. शुद्ध." तिथं त्याची छाती वाजत नसे. मी कान देऊन ऐकलंय.

मला त्यानं एकच गोष्ट बजावली होती. "आप्पा, भट्टी मागच्या खोलीत आसती. गिऱ्हाईकाला तिथवर न्यायचं नसतं." म्हणजे हा रस्ता कुणाला दाखवायचा नाही. शहरातल्या सायकलवाल्यांनी त्याच्याकडं नकाशा मागितला होता. त्यानं दिला नाही.

मग ती मंडळी माझ्याकडं आली. दहा-बारा जण, सगळे गोड बोलणारे. "आजोबा, ह्या वयात सायकल? आजोबा, तुमच्यासारखं कुणी बघितलं नाही." मी कागद दिला नाही, शब्द सांगितला नाही. नुसती माझी सायकल काढली आणि त्यांच्या पुढं चालवली. अकरा मैल. मागं वळून बघितलं तर सगळे धापा टाकतायत. छाती फुगली माझी. त्यांच्या मनगटावरची घड्याळं सगळा रस्ता टिपून घेत होती, हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. घड्याळ वेळ दाखवतं, एवढंच मला ठाऊक.

पुढच्या रविवारी चाळीस सायकली आल्या. त्यांच्या मागं चार जीपा. एक पाण्याची, एक सामानाची, एक दमलेल्यांना उचलायला आणि एक फोटो काढायला! गाड्या नसलेल्या रस्त्यावर सायकल चालवायला आले आणि गाड्या घेऊन आले. असली अक्कल मी जन्मात बघितली नाही. झाडीत पाकिटं, काठावर ओले कागदी रुमाल, पाण्यात केकचा पुठ्ठा. डोक्यावर भुणभुणणारं ते उडतं यंत्र. माकडं पळाली, हे राहिले. एक बाई काठावर हात पसरून म्हणाली, "किती शांत आहे ना!" मागं जीपचं इंजिन चालूच, आत थंड हवा पाहिजे म्हणून. मला शिसारी आली. आज लिहितानाही येते. त्यांची येते, आणि फुगलेल्या त्या छातीची जास्त येते.

त्यानंतर शेट आला तेव्हा जांभळीपाशी आम्हाला दोन जीपा आडव्या गेल्या. त्यानं नाकाला रुमाल लावला. बराच वेळ खोकला. मग विचारलं, "कुणी दाखवला?"

"मी."

वाटलं, आता शिव्या घालील. घालायला पाहिजे होत्या. मी असतो तर घातल्या असत्या. त्यानं खिशातनं मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. त्यात मी, पुढं, छाती काढून.

"मला कालच आला ह्यो. लय झ्याक आलायसा आप्पा," तो म्हणाला. "पोरगा दिसतायसा."

परतताना त्यानं सायकल हातात धरून ढकलली. त्या दिवशी क्यारट काही सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत. मग तो दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. घरीच नळकांड्यातली हवा लावली असं कळलं.

सरपंचाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आप्पा, गावाला धंदा मिळतोय, तुमचं काय जातंय?" तो स्वतः काठावर भजी-चहाची टपरी टाकून बसला होता. त्या टपरीवरचा चहा मी अजून पीत नाही.

दसरा झाल्यावर एका शनिवारी संध्याकाळी सुनेच्या मोबाइलवर शेटचा फोन आला. आवाज मडक्यातनं आल्यासारखा. मागं कसलं तरी यंत्र फुसफुसत होतं.

"आप्पा, दिवाळी झाली की पोरगं गाडीनं तुमच्या दारापतोर आणतो म्हणालंय. पुढं चालत जाऊ. त्या जांभळीच्या खाली. रस्ता कसा हाय? किती?"

माझ्या दारासमोर तेव्हा एक जीप उभी होती, दारं उघडी टाकून गाणी लावलेली. मी भिंतीकडं तोंड केलं आणि फोनभोवती हात धरला.

"चोवीस," मी म्हणालो.

"खरं?"

"मी कवा खोटं बोललोय का रं?" पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं.

तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. शेटला तो ऐकू गेला की नाही, मला माहीत नाही. त्यानं दोन-तीन श्वास घेतले. "मग तसाच ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "मी येतोय."

तो आला नाही. दिवाळीच्या आधीच गेला. माती द्यायला मी विट्याला गेलो होतो. त्याच्या बायकोनं माझा हात धरून विचारलं, "रस्तावालं आप्पा तुमीच का?" मला व्हय म्हणायला जड गेलं.

पण त्या वेळी हे काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की शेट येणार आहे आणि मी त्याच्याशी खोटं बोललोय.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अंगणातली बाज डोक्यावर घेतली आणि जुना रस्ता जिथं दोन खडकांमधनं निघतो तिथं आडवी टाकून वर बसलो. थोड्या वेळानं सायकली आल्या. कडेनं हातभर जागा सोडली होती, एकेक उतरून गेला. मग पाण्याची जीप आली.

"आजोबा, बाज घ्या बाजूला."

"सायकल जाईल. गाडी न्हाई जायची."

"आमचं बुकिंग हाय!"

"माझंबी हाय. दिवाळीपतोर."

त्यानं हॉर्नवर तळहात ठेवला तो उचलेचना. सरपंच आला, हात जोडले, मग दम दिला. मी बाजेवर आडवा झालो. पाऊण तास त्या जीपचा धूर माझ्या तोंडावर येत होता. शेवटी पुढं गेलेल्यातली दोन पोरं आणि एक पोरगी सायकली वळणावर ठेवून चालत माघारी आली. तहानलेली होती. पोरगी ड्रायव्हरला म्हणाली, "काका, बंद करा गाडी. आम्हीच नेतो."

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघत चावी फिरवली. तिघांनी पाण्याचे डबे खांद्यावर घेतले आणि माझ्या बाजेच्या कडेनं, अंग चोरून, पलीकडं गेले.