काम पुरं होईस्तोवर बाहुलं उतरत नाही

विद्यापीठात मुलींच्या होस्टेलचा पहिला स्लॅब टाकला, त्या दिवशी माझ्या बायकोनं समोरच्या बांबूवर काळं बाहुलं टांगलं. जुन्या लुगड्याचं, आत वाळलेलं गवत. बांधकामाले नजर लागू नये म्हणून टांगतात, अन् काम पुरं झालं की मगच उतरवतात. आम्ही दोघं तिथले चौकीदार, टिनाच्या खोलीत राहत होतो. ती भिंतींवर पाणी मारायची, मी सळाखी राखायचो.

दुसरा मजला अर्ध्यावर आला अन् काम थांबलं. सरकारनं खर्च कमी केला म्हणे. ठेकेदार मिक्सर घेऊन गेला, मजूर गावाले गेले. उरलेला माल राखायले आम्हाले तेवढं ठेवलं. नजर लागली असेल तर ती मुंबईहून लागली, बाहुल्याचा दोष नाही.

एक पोरगी वाडीत ट्रकांच्या गोदामामागं भाड्यानं राहते. वर्गात जाता-येता आमच्याकडं पाणी प्यायची.

"आजी, आमचं होस्टेल होते का नाही?"

"होईन वं बाई. बाहुलं टांगून आहे तोवर काम चालू आहे समज."

उन्हाळ्यात बायकोले ताप आला तो उतरलाच नाही. ती गेली. खोलीत आता एकच ताट लागते.

मागच्या आठवड्यात विद्यापीठाचा इंजिनीअर आला. "बाबा, पाहणीले साहेब लोक येऊन राहिले. ते बाहुलं काढा. विद्यापीठात अंधश्रद्धा बरी दिसत नाही."

"अन् हे उघडे खांब बरे दिसतात?"

तो हसला. "तुम्ही मानता काय हे?"

"मी नाही मानत. ती मानत होती. काम पुरं झालं काय?"

"नाही."

"मग काहून काढू? पुरं झालं असं लिहून देता?"

"ते माझ्या हातात नाही, बाबा."

"मग बाहुलंही नाही."

तो गेल्यावर वर पाहिलं. पावसानं बाहुलं पार सडलं होतं. मी तिची पेटी उघडली. होस्टेल उघडायच्या दिवशी नेसायले राखलेलं निळं लुगडं होतं, ते तसंच ठेवलं. रोजचं काळं फाडलं. त्यात वाळलेलं गवत भरून नवं बाहुलं केलं. जुनं न सोडता नवं त्याच्या बाजूले बांधलं.

संध्याकाळी पोरगी पाणी प्यायले आली. "बाबा, दुसरं काहून टांगलं?"

"काम चालू आहे," मी म्हणलं.