निळी ओढणी आणि तीन वाट्या

मुलगी नऊ महिन्यांची होती आणि तिची आई जाऊन अडीच महिने झाले होते. विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर आम्ही दोघंच असायचो. मी मुद्रितं तपासतो. शनिवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडून गठ्ठा आणायचा, घरी तपासायचा, परत नेऊन द्यायचा. आजारपणात होतं नव्हतं ते गेलं होतं, त्यामुळे पाळणाघराचा विचारच नव्हता. मुलीला रमवणं आणि पानं तपासणं ही दोन्ही कामं एकाच सतरंजीवर चालत.

विकतची खेळणी नव्हती. तिच्या आईच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत मूठभर मूग घालून मी खुळखुळा केला होता. बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुरणारा कागद दहा मिनिटं पुरायचा. तपासून झालेली जुनी पानं तिला फाडायला द्यायचो. एकदा नागरिकशास्त्राचं अर्धं पान तिनं खाल्लं. कुणीतरी हसायला हवं होतं. मी तोंडात बोट घालून लगदा काढला आणि पुढच्या पानाकडे वळलो.

चारच्या सुमाराला मात्र यातलं काहीच चालायचं नाही. ती वेळ तिच्या आईची होती. फिकट निळी ओढणी तोंडावर घेऊन ती "बुवा" म्हणायची, मुलीनं ओढणी खेचली की "कुक!" आणि मग दोघींचं हसणं. तासभर तेच. मी तेव्हा आतल्या खोलीत काम करत असायचो. "जरा हळू," असं एकदोनदा म्हणालोही होतो. आता चार वाजले की मुलगी रडायला लागायची आणि थांबायची नाही. दिवस कसाही ढकलता यायचा, पण त्या एका तासापुढे मी रोज हरायचो.

खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या. उघडं कपाट बघून म्हणाल्या, "अहो, गेलेल्या माणसाचे कपडे इतके दिवस ठेवू नयेत. आणि संग्रहालयच करायचं असेल तर बाहेर पाटी लावा, दुपारी एक ते चार बंद म्हणून."

त्याच आठवड्यात बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी. माझ्या मनात आलं, स्टील वाजतं. कपडेही जातील आणि मुलीला खेळणंही मिळेल. मी पाच साड्या आणि दोन गाऊन पायरीवर ठेवले, मुलीला कडेवर घेतलं आणि एकेक वाटी तिच्या कानाशी वाजवून बघू लागलो.

"दादा, भांडं घेताय का घंटा?" बोहारीण म्हणाली.

मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी तीन वाट्या बाजूला काढल्या.

"एवढ्यात नाय जमायचं. समदं सुतीच हाय. आजून एक कापड टाका."

दारामागच्या खुंटीवर ओढणी होती. मी ती काढून ढिगावर टाकली. हात जराही अडखळला नाही.

वाट्या चार वाजेपर्यंत पुरल्या. मग मुलीनं त्या ढकलून दिल्या, रांगत दारापाशी गेली आणि खुंटीकडे मान वर करून रडायला लागली. तेव्हा मला कळलं.

तिला उचलून, वाट्या पिशवीत टाकून मी पायात चप्पलही न घालता धावलो. दोन गल्ल्या पलीकडे बोहारीण गाठोडं बांधत होती.

"वाट्या घ्या, पण ओढणी परत द्या. निळी."

तिनं गाठ सोडली. निळ्या ओढण्या दोन निघाल्या. तोच रंग, तीच बारीक पांढरी बुट्टी, हातगाडीवर मिळतात तशा. दोन्ही वापरून मऊ झालेल्या. वास घेऊन बघितला, दोन्हींना गाठोड्याचाच वास. दुसऱ्याच्या पानावरचा राहून गेलेला अनुस्वार मला लांबून दिसतो. हे मला ओळखता येईना.

"घरच्या माणसाची वळखंना व्हय, दादा?" ती हसत म्हणाली. मग माझ्याकडे आणि रडणाऱ्या मुलीकडे बघून तिचा आवाज उतरला. "कुनाची हाय?"

"हिच्या आईची."

तिनं दोन्ही ओढण्या माझ्या खांद्यावर टाकल्या. "दोनी न्या," म्हणाली. "वाट्याबी ऱ्हाऊ द्या पोरीला."

घरी येऊन मी सतरंजीवर बसलो. एक ओढणी तोंडावर घेतली, "बुवा" म्हणालो. कुणी खेचली नाही. दुसरी घेतली. मुलगी जवळ आली, कापडाचं टोक तोंडात घालून चघळलं आणि सोडून दिलं. दोन्हींतली तिच्या आईची कुठली, आणि मुलगी ती विसरली होती की ओढणीआड आई नाही हे तिनं ओळखलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कधी कळणारही नाही.

मी पुन्हा "बुवा" म्हणालो. जरा वेळानं वाटीचा आवाज आला, मग दुसरीचा. तिचं रडणं थांबलं होतं. मी ओढणी बाजूला केली नाही. तिच्या खेळण्याचा आवाज कापडाआडून ऐकत राहिलो, पूर्वी आतल्या खोलीतून ऐकायचो तसा. फक्त आता त्यात एकच आवाज होता.